शंभरात पाच

सन एकोणीसशे अडतीसमध्ये पश्चिम खानदेशात प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्याची लाट आली होती. नंदुरबारच्या काही मंडळींनी एक साक्षरता समिती काढली. बन्सीलाल वकील तिचे चिटणीस झाले. मे महिन्यात, आखाजीनंतर म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, गावोगाव वर्ग सुरू झाले आणि डिसेंबरात संपलेसुद्धा. समितीने कागदावर आकडा मांडला: वर्ग एकसष्ट, साक्षर झालेले अकराशे त्रेचाळीस. प्रत्येकाला शिक्का मारलेलं प्रमाणपत्र दिलं गेलं.

पुढच्या वर्षीच्या सरकारी पैशाची मंजुरी मात्र अडली. वरून पत्र आलं की त्रयस्थ माणसाकडून तपासणी करून घ्या, तिचा अहवाल पाठवा, मग बघू.

असा त्रयस्थ माणूस नंदुरबारात एकच होता. नवल पाटील. हायस्कुलात गणित शिकवायचा. वय अठ्ठावीस, तापीकाठच्या शेतकरी घरातला. मुंबईला बी.टी. करताना त्याने शिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या पद्धतींवरची दोन-तीन पुस्तकं अशी वाचली होती, की परत आल्यावर शाळेतल्या सहामाही परीक्षेचेही तो आलेख काढायचा. इतर मास्तर हसायचे. नवलला त्याचं काही वाटायचं नाही. मुलगा हुशार आहे असं नुसतं म्हणणं आणि तो हुशार आहे हे दाखवून देणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं तो म्हणायचा.

वकिलांनी बोलावलं तेव्हा त्याने तीन अटी घातल्या. वर्ग संपून तीन महिने उलटल्याशिवाय चाचणी घ्यायची नाही, कारण काल पाठ केलेलं आज सगळ्यांनाच येतं. चाचणी वर्गातल्या पुस्तकावर घ्यायची नाही, नव्या मजकुरावर घ्यायची. आणि मास्तरांनी निवडून दिलेली माणसं तपासायची नाहीत, यादीतलं दर चौथं नाव आपण उचलायचं.

"आणि मजकूर सगळीकडे एकच," तो म्हणाला. "शेर एका गावाला मोठा आणि दुसऱ्या गावाला लहान असून चालत नाही."

"तुझ्यासारखाच माणूस हवा होता," वकील म्हणाले. ते तसे मनाने वाईट नव्हते. आपल्या समितीचं काम चांगलं झालंय अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

नवलने तीन दिवस खपून एक कार्ड तयार केलं. जोडाक्षरं थोडी, वाक्यं लहान. मजकूर असा होता:

'आई सकाळी विहिरीवर गेली. मोट चालू होती. आईने थारोळ्यात पाय धुतले. बैल दमले होते. आईने त्यांना पेंढी घातली.'

खाली दोन प्रश्न: आईने पाय कुठे धुतले? बैल का दमले होते? दुसऱ्या प्रश्नावर नवल खूश होता. विहिरीची मोट ओढून, हे त्याचं उत्तर मजकुरात सरळ लिहिलेलं नव्हतं. ज्याला वाचलेलं कळलं, त्यालाच ते देता येणार होतं. कार्ड मोठ्याने वाचायचं, दोन्ही उत्तरं द्यायची, मग पास.

मार्चमध्ये तो निघाला. पहिल्या आठवड्यातच त्याला कळून चुकलं की अकराशे त्रेचाळीस हा आकडा म्हणजे फुगवलेला कागदी फुगा आहे. एका गावात यादीतली चार माणसं आधीपासूनच शिकलेली निघाली, त्यातला एक तर पोस्टमन होता. एका गावात दर चौथं नाव काढताना जे नाव आलं, तो माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता. बाकीचे कार्ड हातात घेऊन गप्प बसायचे, किंवा अक्षराला अक्षर लावत पहिल्या ओळीतच धापा टाकायचे.

मग त्याचं स्वतःचं गाव आलं. यादीत चौथ्या नावाला काकू होती, कमलबाई. आई लवकर गेल्यावर हिनेच त्याला वाढवलेलं.

काकू पदर सावरून ओट्यावर बसली. कार्ड हातात घेतलं, बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि न अडखळता म्हणू लागली, "कमळ बघ. घर बघ. मगन, जल भर. गवत धर."

बोट ओळीवरून नीट सरकत होतं. ती पुस्तकातला पहिला धडा म्हणत होती.

"काकू," नवल हलकेच म्हणाला, "हाई ते दुसरं शे."

"ऱ्हावू दे दुसरं," काकू म्हणाली. "मास्तरनी सांगं, कागद हातमा दिधा की इतलं म्हनी टाकनं. मंग पास."

"तुले वाचता येत नही?"

काकूने आजूबाजूला पाहिलं. "तुन्हा काकाले सांगू नको. त्यासनी गावभर सांगेल शे, आमनी बाई वाचस म्हनीसन."

नवलने तिच्या नावापुढे शून्य मांडलं. मांडताना त्याला मनातून स्वतःचा अभिमान वाटला. काकूपुढे जो शून्य मांडतो, त्याचा आकडा कोणी खोटा म्हणू शकणार नव्हतं. त्या घरी जेवून तो पुढच्या गावाला गेला.

मैदानातली सत्तावन्न गावं संपली. एक हजार एकोणसत्तर नावांपैकी त्याने दोनशे सदुसष्ट तपासली होती. पास पंचवीस. शंभरात नऊ.

राहिले डोंगरातले चार वर्ग. ते लहान होते, चारी मिळून चौऱ्याहत्तर माणसं. तिथे दर चौथं नाव न घेता सगळ्यांनाच तपासायचं असं त्याने ठरवलं. तळोद्याहून तट्टू घेऊन तो चांदसैलीची चढण चढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धडगावात पोचला.

पहिल्या तीन पाड्यांवर वर्गच झाला नव्हता. मास्तर म्हणून नेमलेली माणसं खालची होती. पावसाळ्यात ती एकदाही वर आली नव्हती. पंचावन्न नावं बसल्या जागी लिहिलेली. त्यातल्या कित्येकांना आपल्याला प्रमाणपत्र मिळालंय हेदेखील माहीत नव्हतं. नवल मुकाट्याने शून्यं मांडत गेला.

चौथा उंबरीपाडा. धडगावपासून दोन कोस, ओढ्याच्या वर पंधरा-वीस घरं. तिथला मास्तर रायसिंग त्याच पाड्यावरचा पावरा आदिवासी. धडगावच्या शाळेत शिकून पुढे तळोद्याला राहून व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झालेला. तो नवलला सामोरा आला नाही. एका घराच्या ओसरीवर एकोणीस माणसं बसली होती आणि तो भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर काहीतरी लिहीत होता.

"वर्ग तर डिसेंबरात संपला," नवल म्हणाला.

"समितीचा संपला," रायसिंग म्हणाला. "यांचा नाही संपला. दिवस मावळायच्या आधी बसतात थोडा वेळ."

फळ्यावरचा मजकूर नवलला वाचता येत होता, कळत मात्र नव्हता. अक्षरं बालबोध म्हणजे देवनागरी होती, भाषा पावरी. रायसिंगने सांगितलं, की आधी त्यांच्या तोंडातले शब्द लिहायला शिकवले. अक्षर म्हणजे आपलाच आवाज आहे हे कळलं, मग मराठीकडे वळलो. समितीचं पुस्तक त्याने दिवाळीनंतर उघडलं होतं.

नवलने कार्ड काढलं. पहिलीच पुढे आली ती रूपलीबाई. चाळिशीची असेल. दंडावर गोंदण, हात विळ्याच्या मुठीने घट्टे पडलेले. ओठ हलवत तिने आधी सगळं कार्ड मनात वाचलं, मग मोठ्याने. सावकाश, पण एकही अक्षर चुकलं नाही.

नवल ताठ बसला. मैदानात दोनशे सदुसष्ट माणसांत असं वाचन त्याने फार थोड्यांचं ऐकलं होतं.

"आईने पाय कुठे धुतले?"

"थारोळ्यात."

"बैल का दमले होते?"

रूपलीबाईने रायसिंगकडे पाहिलं. दोघांचं पावरीत बोलणं झालं.

"ती विचारते, मोट म्हणजे काय?" रायसिंग म्हणाला.

"ते तिने सांगायचं. तुम्ही सांगू नका."

"मी सांगितलेलं नाही. गुरुजी, या पाड्यावर विहीर नाही. पाणी ओढ्याचं. मोट यांनी कधी पाहिलेली नाही. थारोळं, मोटेचं पाणी पडतं तो हौद, तेही हिला माहीत नाही, कागदावर आहे म्हणून सांगितलं. मोट ओढून बैल दमतात हे हिला कुठून कळावं?"

नवलने तिच्या नावापुढे शून्य मांडलं. एकेक जण येत गेला. वाचायचे बहुतेक सगळे. दुसऱ्या प्रश्नाला अडायचे. कोणी म्हणालं बैल आजारी असतील, कोणी म्हणालं म्हातारे असतील. चौघेजण तेवढे पास झाले. ते खाली उसाच्या मळ्यांवर मजुरीला जाऊन आलेले होते आणि त्यांनी मोट पाहिली होती.

चाचणी संपली. माणसं काही उठली नाहीत. त्यांना वाटत होतं आपण चांगलं वाचलं. रूपलीबाईने तर आतून नवलसाठी मोहाच्या पानांवर भाजलेलं रताळं आणून ठेवलं.

रायसिंगने पंधरा नावांपुढची शून्यं पाहिली आणि म्हणाला, "दुसरं कार्ड लिहा."

"नियम सगळ्यांना एकच आहे."

"कसला नियम? यांना वाचता येतं की नाही ते बघायला आलात, की यांनी मोट पाहिली आहे का ते बघायला आलात?"

नवल पिशवीकडे वळला. त्याने कोरं कार्ड काढलं आणि तिथेच बसून पाच ओळी लिहिल्या. 'एक बाई सकाळी जंगलात गेली. मोहाची फुलं पडली होती. बाईने टोपली भरली. वाटेत अस्वल दिसलं. बाई झाडावर चढली.' प्रश्न दोन: टोपलीत काय होतं? बाई झाडावर का चढली?

पुन्हा रूपलीबाई पहिली. वाचून झाल्याबरोबर ती हसायला लागली. पहिलं उत्तर तिने दिलं.

"आणि बाई झाडावर का चढली?"

रूपलीबाई काय म्हणाली ते ऐकून सगळी ओसरी हसली. रायसिंगही हसला. "ती म्हणते, तिला अक्कल नव्हती म्हणून चढली. अस्वल माणसाच्या आधी झाडावर चढतं. आणि त्याला मोहाची फुलंच हवी होती, टोपली टाकून पळायचं."

नवलही हसला. एकोणिसांत चौदा पास झाले.

त्या संध्याकाळी रायसिंगने त्याला विळ्यांची गोष्ट सांगितली. नोव्हेंबरात जंगलाच्या नाकेदाराने गवत कापायला बंदी आहे म्हणून पाड्यावरच्या बायकांचे अकरा विळे काढून घेतले होते. दरवर्षी घ्यायचा. मग महिनाभर त्याच्याकडे फुकट राबल्यावर परत द्यायचा. या वेळी रूपलीबाई नाक्यावर गेली आणि तिथे खिळ्याने ठोकलेली सरकारी पाटी मोठ्याने वाचू लागली. 'ता. १५ डिसेंबरपासून मनाई.' महिन्यांची नावं रायसिंगने शिकवली होती. तिने नाकेदाराला विचारलं, आज कोणता महिना? नाकेदाराने आधी शिव्या दिल्या, मग तिथे दुसरे लोक जमलेले पाहून अकराही विळे बाहेर आणून टाकले.

"हे तुमच्या तक्त्यात कुठे बसतं?" रायसिंगने विचारलं.

"शेऱ्यात लिहितो," नवल म्हणाला. आणि त्याने ते लिहिलं, अगदी तारखेसह.

नंदुरबारला परत येऊन त्याने बावीस पानी अहवाल तयार केला. मुख्य तक्ता पहिल्या कार्डाचा. दुसरं कार्ड, त्याचे गुण, विळ्यांची हकीकत आणि रायसिंगची शिकवायची रीत हे सगळं परिशिष्टात घातलं. मुख्य तक्त्यात ते घालावं की काय याचा त्याने दोन दिवस विचार केला. पण मग मैदानातला एखादा मास्तर म्हणाला असता, त्यांना सोपं कार्ड दिलंत, आम्हालाही द्या. आणि सगळं मोजमापच ढासळलं असतं. डोंगरातले पास चौऱ्याहत्तरांत चार. शंभरात पाच. आकडा खरा होता.

मे महिन्यात वकिलांनी त्याला घरी बोलावलं. समितीने बावीस पानांची दोन पानं केली होती. छापखान्यातून आलेला कच्चा खर्डा टेबलावर होता.

"परिशिष्ट कुठे आहे?" नवलने विचारलं.

"वरचा साहेब परिशिष्ट वाचतो होय, नवल? त्याला निष्कर्ष हवा असतो."

नवलने वाचलं. मैदानी भागात शंभरात नऊ, डोंगराळ भागात शंभरात पाच. खाली निष्कर्ष: 'डोंगराळ टापूतील लोकांत वाचलेल्या मजकुराचे आकलन आढळले नाही. सबब तेथील वर्ग बंद करून मैदानी भागातील वर्ग सुधारण्यावर भर द्यावा.'

"असं नाही हे, वकीलसाहेब. उंबरीपाड्यावर जेवढं वाचतात तेवढं माझ्या गावात कोणी वाचत नाही. बंद करायचे तर खालचे बंद करा. तिकडे नुसती नावं लिहिली आहेत."

"खालच्या सत्तावन्न गावांचे पाटील, पंच समितीवर आहेत," वकील शांतपणे म्हणाले. "त्यांना मी जाऊन सांगू, तुमच्या बायकांना वाचता येत नाही? तू तुझ्या काकांना सांगितलंस?"

नवलने सांगितलं नव्हतं.

"आकडा तुझाच आहे ना? नऊ आणि पाच?"

"हो."

"नऊ मोठे की पाच?"

नवलने निदान 'आढळले नाही' याच्या जागी 'बहुतांश आढळले नाही' असं घालायला सांगितलं. वकील म्हणाले ओळ वाढते, पान फिरतं, छापखान्यात अक्षरं जुळवून झाली आहेत. दोघांनी त्या एका शब्दावर पाव तास घातला. त्या पाव तासात नवलच्या ध्यानात आलं नाही की आपण अहवालावर नव्हे, एका शब्दावर भांडतो आहोत. शेवटी 'बहुतांश' घालायचं राहिलं ते राहिलंच. खाली 'तपासनीस' असं छापलेल्या जागी त्याने सही केली.

सही का केली, हे तो पुढे स्वतःला पुष्कळदा विचारायचा. वकिलांची भीती नव्हती. नोकरीला धक्का नव्हता. आपलं नाव छापून येतंय याचा त्या क्षणी थोडा आनंद होता, हेच खरं कारण असावं.

जूनमध्ये डोंगरातले चारी वर्ग बंद झाले. तीन तर कधी उघडलेच नव्हते, म्हणजे बंद झाला तो एक. रायसिंगला पत्र गेलं की समितीचं साहित्य धडगावला जमा करावं. त्याने एकोणीस पाट्या आणि फळा पावसात डोक्यावरून नेऊन पोचते केले.

मैदानात मात्र वर्ग जोरात सुरू झाले. सप्टेंबरात पुन्हा चाचणी ठरली. वकिलांनी नवलला निरोप धाडला की तू आलास तर उत्तम. नवलने नवं कार्ड करून पाठवलं. ते परत आलं. सोबत चिठ्ठी होती: 'मागच्या निकालाशी तुलना करायची तर कार्ड तेच हवे. माप एकच असावे हे तुझेच म्हणणे.'

नवल चाचणीला गेला नाही. पण सुटीत गावी गेला तेव्हा काकू ओट्यावर धान्य निवडत बसली होती. त्याला पाहून ती खुशीत म्हणाली, "आते मी खरंच पास व्हयनू, नवल." आणि सूप बाजूला ठेवून तिने म्हणून दाखवलं, "आई सकाळी विहिरीवर गेली. मोट चालू होती. आईने थारोळ्यात पाय धुतले." दोन्ही उत्तरंही तिने विचारायच्या आधीच दिली. हातात कागद नव्हता. त्याची गरजही नव्हती. सगळ्या तापीकाठी मास्तरांनी तेवढ्या पाच ओळी तीन महिने घोकून घेतल्या होत्या.

या वेळचा निकाल शंभरात एकाहत्तर आला. समितीने ठराव करून एकमेकांचं अभिनंदन केलं. त्यात तपासणीची शास्त्रीय पद्धत घालून दिल्याबद्दल नवलचंही नाव होतं.

त्याने वरच्या कचेरीला चार पानी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं: वारलेला माणूस, पोस्टमन, काकू, अस्वल, विळे. पोच आली. त्यानंतर मुंबईचं मंत्रिमंडळच राजीनामा देऊन गेलं, आणि पत्र कुणी वाचलं की नाही हे कळायला मार्ग राहिला नाही.

दिवाळीच्या सुटीत तो पुन्हा चांदसैलीची चढण चढला. कशासाठी, हे त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. पिशवीत स्वतःच्या हाताने उतरवलेली पंधरा-वीस कार्डं होती, आणि सुटीचे तीन आठवडे आपण वर्ग घेऊ असं काहीसं मनात होतं. छापील अहवालही बरोबर होता. जे झालं ते लपवायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं.

उंबरीपाड्यावर निम्मी घरं बंद होती. पीक यंदा लवकर आणि थोडं आलं, माणसं खाली गुजरातेत कापणीला गेली होती. रायसिंग जंगलाच्या तोडीवर कामाला लागला होता. दुपारी तो कुऱ्हाड खांद्यावर घेऊन आला. नवलला ओसरीवर बसलेला पाहून तो थबकला. मग हातपाय धुऊन येऊन बसला.

"वर्ग घ्यायचा म्हणतो मी," नवल म्हणाला. "सुटी आहे. कार्डं आणली आहेत."

"कोणाचा घेणार?"

"जे असतील त्यांचा."

तेवढ्यात रूपलीबाई आली. तिने नवलला ओळखलं, पाणी आणून दिलं. तिला आठवत होतं. 'अस्वल' असं म्हणून ती थोडी हसलीही. वर्ग का बंद झाला हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. रायसिंगने लोकांना एवढंच सांगितलं होतं, की सरकारचा हुकूम आला.

तिने ते नवललाच विचारलं. डोंगरात सगळ्यांना अरे-तुरेच करतात, तसंच तिने मोडक्या मराठीत विचारलं, "तू सांग. का बंद केला?"

नवलने अहवाल काढून रायसिंगपुढे केला. रायसिंगने तो घेतला नाही. रूपलीबाईने हात पुढे केला. छापील कागद तिने मांडीवर पसरला, बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागली. नवलला वाटलं तिला थांबवावं. पण थांबवायचं तरी काय म्हणून?

पहिलं पान तिने आकड्यांपाशी सोडून दिलं. दुसऱ्या पानावर ती मोठ्याने वाचू लागली. "डों-ग-राळ टापू-तील लो-कांत..." 'टापू' म्हणजे काय ते तिने रायसिंगला विचारलं. रायसिंगने सांगितलं. "...वाच-लेल्या मज-कुराचे आ-क-लन आढ-ळले नाही."

"आकलन?" तिने विचारलं.

"समजणं," रायसिंग म्हणाला.

ती पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीला गेली. या वेळी तोडून न वाचता सलग वाचली. मग कागदावरून नजर न उचलता, हाताने स्वतःकडे आणि पाड्याकडे खुणावत पावरीत तिने रायसिंगला एक प्रश्न विचारला. रायसिंगने मान हलवली. हो.

ओसरीवर आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या होत्या. कागद त्यांच्याकडे गेला. एकीने ती ओळ लावायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. एवढ्या पाच महिन्यांत, पाटी नसल्यावर, तिची अक्षरं पुसट होत चालली होती. कागद फिरून पुन्हा रूपलीबाईकडे आला. तिने तळाशी बोट ठेवलं.

"न-वल," तिने वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "हे तू?"

"हो," नवल म्हणाला.

"तू लिहिलं?"

वाक्य वकिलांनी लिहिलं, परिशिष्ट समितीने काढलं, आकडा मात्र माझा, हे सगळं समजावायला त्याच्याकडे पावरीतले शब्द नव्हते, आणि मराठीतले असूनही ते बाहेर आले नाहीत.

"हो. मी."

रूपलीबाईने कागद होता तसा घडी घालून त्याच्या पिशवीवर ठेवला. पाण्याचा तांब्या उचलला. आत जाता जाता ती रायसिंगला काहीतरी म्हणाली. फार मोठं नव्हतं, सात-आठ शब्द असतील. बाकीच्या बायका खाली बघू लागल्या.

"काय म्हणाली?" नवलने विचारलं.

रायसिंगने कुऱ्हाड उचलून बाजूला ठेवली. "घाट उतरायला उशीर होईल, म्हणते."

ते तसं नव्हतं हे नवलला कळलं. दुपार नुकतीच कलली होती आणि तो आजच उतरणार असं कोणी बोललं नव्हतं. त्याने इथे राहू नये, एवढं मात्र त्यातून पोचलं. कार्डं रायसिंगजवळ ठेवू का, असं त्याने विचारलं. रायसिंग म्हणाला, मी दिवसभर तोडीवर असतो, घरात ओल येते, खराब होतील.

रायसिंग त्याला ओढ्यापर्यंत सोडायला आला. तिथून नवल एकटा निघाला. धडगावात त्याने रात्र काढली आणि सुटी संपायला अजून दोन आठवडे असताना नंदुरबारला जाऊन पोचला.